चुऱ्याचा ट्रे

टोस्टर दीडशे मीटर वर गेला, टोकाला पोचल्यावर काहीतरी विसरल्यासारखा क्षणभर थांबला, त्याच्यातून पावाचे दोन काप उडी मारून बाहेर आले, तळाचा चुऱ्याचा ट्रे उघडला, आणि क्लेम हॅलोरन हा गृहस्थ वाऱ्याबरोबर ईशान्येकडे पसरला. सगळं नियमाला धरून झालं. कुणालाही इजा झाली नाही.

मग टॅमसिनने ते पुसून टाकलं, म्हणजे ते झालंच नाही. या प्रोग्रामची हीच तर सोय होती — पडद्यावरची वक्र रेघ निवडायची, कळ दाबायची, आणि वर गेलेलं काहीही वर गेलेलं नसायचं. बाबाची राख परत मधाच्या बरणीत, बरणी परत ओट्यावर पावाच्या डब्याशेजारी, टोस्टर परत टेबलावर, आणि ती स्वतः बाबाच्या स्वेटरमध्ये, बाबाच्या लॅपटॉपसमोर, गार झालेला चहा पुढ्यात घेऊन. रेघ गेली. उरला एक चौकोन. तांदळाच्या दाण्याएवढा, पडद्याच्या कोपऱ्यात, आणि त्यात बरोबरची खूण… परीक्षकाने न वाचताच केलेली असावी तशी.

हा इथे कधीपासून आहे?

चौकोनाशेजारी लिहिलं होतं की सुट्या भागांच्या वजनाची बेरीज धरू नये, हाताने भरलेला आकडाच खरा मानावा. तसा हा चौकोन घरी रॉकेटं बांधून उडवायच्या या छंदातले सगळेच वापरतात. कागदाचं, लाकडाचं वजन प्रोग्राम बरोबर सांगतो, पण डिंकाचं सांगू शकत नाही, कारण डिंक कुणीच अंदाजाने लावत नाही, भीतीने लावतो. म्हणून वस्तू बांधून झाली की ती तराजूवर ठेवायची, दोऱ्यावर तोलायची, खरे आकडे भरायचे आणि खूण करायची. बाबाने तेच केलं होतं, मागच्या वसंतात, शेडमध्ये, टोस्टर नुकता वाळलेला असताना. टोस्टर तेव्हा रिकामा होता. साहजिक आहे — क्लेम टोस्टरच्या बाहेर उभा होता, नाकावर चष्मा आणि हातात तराजू घेऊन.

आणि त्यानंतर आत जे काही घातलं ते प्रोग्रामच्या लेखी नव्हतंच. सगळा उन्हाळा, सगळा पानगळीचा हंगाम तिने ‘ट्रेमध्ये राख’ असा एक भाग घालून बाबाला उडवलं होतं, मंद वाऱ्यात, सोसाट्याच्या वाऱ्यात, उत्तरेकडून धूळ घेऊन येणाऱ्या गरम वाऱ्यात, आणि दरवेळी टोस्टर सुतासारखा सरळ जायचा, आणि दरवेळी तिला वाटायचं, काय बांधलंय बाबाने, स्वतः मागे बसला तरी हलत नाही. हलत नव्हता कारण तो मोजलाच जात नव्हता. मेलेला माणूस शून्य वजनाचा आहे हे प्रोग्राम तिला केव्हापासून सांगत होता आणि तिने ते कौतुक म्हणून ऐकलं होतं.

तिने खूण काढली.

पडद्यावर टोस्टरच्या पोटात दोन ठिपके होते, निळा आणि तांबडा. ती शाळेत जायच्या आधीपासून बाबा तिला हे ठिपके शिकवत आला होता, तेव्हा पडदा नव्हता, निळा खडू आणि तांबडा खडू होता. निळा म्हणजे वजन, तांबडा म्हणजे वारा. निळा पुढे आणि तांबडा मागे असला तर वस्तू सरळ जाते, मग ती वस्तू काहीही असो — आणि क्लेमच्या बाबतीत ती काहीही असायची, लॅम्पशेड, पोपटाचा पिंजरा, बागेतला मातीचा बुटका, एकदा तर आईची लग्नातली टोपी. आणि निळा मागे गेला तर? तर ती वळून बघते, टॅम. बाबा ‘उलटते’ म्हणायचा नाही, ‘वळून बघते’ म्हणायचा. वर जाता जाता वळून बघते, आणि मग ज्यांनी सोडलं त्यांच्याकडेच येते.

निळा ठिपका घरंगळला. तांबड्याच्या अंगावरून, मागे, थेट तळाशी जाऊन बसला.

…आणि हे बाबाला माहीत नव्हतं? आयुष्यभर जगाला ‘वजन पुढे’ म्हणून सांगणाऱ्या माणसाला? पोर्ट पिरीच्या इस्पितळात, नाकात नळी असताना, त्याने अगदी स्पष्ट सांगितलं होतं, “मला चुऱ्याच्या ट्रेमध्ये घाला.” नर्सला वाटलं भ्रम झालाय. तिने हळूच त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि क्लेमने तिला विचारलं की तुझ्या घरी टोस्टर आहे का, असेल तर त्याचा ट्रे शेवटी कधी झाडला होतास. ती निघून गेली. मग तो हसला, मग खोकला, आणि मग खोकतच राहिला. तो विनोद होता की सूचना, हे विचारायचं राहून गेलं. माणूस मेला की त्याचे विनोदसुद्धा इच्छा होऊन बसतात, आणि इच्छा पाळाव्या लागतात.

उन्हाळ्यात गेला तो. आगबंदीच्या महिन्यांत. तेव्हा इथे कुणाला गवतात काडी पेटवता येत नाही, मग रॉकेट तर दूरच. रॉकेट क्लबच्या लोकांनी अंत्यविधीला हातांनी कागदी विमानं उडवली, त्यातलं एक पाद्रीबाबांच्या कॉलरमध्ये अडकलं. म्हणून थांबले. आगबंदी उठली, पेरण्या झाल्या, थंडी आली, आज जुलैतला रविवार, म्हणजे इकडे दक्षिण गोलार्धात ऐन थंडीतला, आणि आज टोस्टर जायचा होता.

पडद्यावरच्या टोस्टरच्या मागे एक लांब, निमुळतं शेपूट होतं. खऱ्या टोस्टरला ते नव्हतं. बुटक्या, जाड वस्तू आपल्या मागे बरीचशी हवा ओढत नेतात आणि ती ओढ त्यांना सरळ ठेवते, पण प्रोग्रामला ती दिसत नाही. म्हणून या लोकांची एक जुनी युक्ती आहे, वस्तूच्या मागे एक शंकू काढायचा, त्याचं वजन शून्य भरायचं, आणि मग उत्तर खरं येतं. बाबा त्याला ‘भूत’ म्हणायचा. मागे काहीतरी आहे, त्याला वजन नाही, ते नाहीच आहे, पण ते धरल्याशिवाय हिशेब जमत नाही. टॅमसिन त्या शेपटाकडे बघत बसली. तिला स्वतःच्या पाठीमागे वळून बघावंसं वाटलं, आणि मग वाटलं की नको.

“निघायचं ना?” आई दारातून म्हणाली. एव्हिसने चर्चला जायचा कोट घातला होता आणि पायांत गमबूट. “कुरणात डेस्मा शिट्टी तोंडात घेऊन उभी असेल. उशीर झाला तर गिळेल ती.”

“आई, बाबा मागे बसला तर टोस्टर वळून बघेल.”

“मग बघू दे. जन्मभर वर बघत बसला. एकदा मागे वळून बघितलं तर काय बिघडलं?”

टॅमसिनने तिला चौकोन दाखवला, ठिपके दाखवले. एव्हिसने दोन्ही ठिपक्यांकडे असं पाहिलं, जणू त्यांतल्या एकाने तिच्या कार्पेटवर चिखलाचे पाय ठेवले आहेत. दुसरा मार्ग आहे, टॅमसिन म्हणाली. वरच्या टोकाला, पावाच्या कापांच्या मध्ये, डिंकात कालवून बसवता येईल त्याला. वजन पुढे जाईल. सरळ जाईल. फक्त, डिंकातून बाहेर पडणार नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे वर जाईल आणि हवाई छत्रीला लटकून परत येईल.”

“घरी?”

“हो.”

“दरवेळी?”

“दरवेळी.”

एव्हिसने ओट्यावरची बरणी उचलली आणि कपड्याने पुसली. ती आधीच पुसलेली होती. बाहेर तारेवर गुलाबी काकाकुवे एकमेकांना काहीतरी फार घाणेरडं बोलत होते. टॅमसिन वाट बघत राहिली की आई म्हणेल, बसव डिंकात, आणि मग तो आपला निर्णय नसेल, आईचा असेल, मी फक्त डिंक आणीन, दर रविवारी बाबा वर जाईल आणि जेवायच्या वेळेला परत येईल, पूर्वीसारखा, कपड्यांना बारुदाचा वास, आणि…

“त्याने ट्रे सांगितला होता,” एव्हिस म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधायला गेली.

गाडीत टॅमसिन मागे बसली, टोस्टर मांडीवर घेऊन. पुढची सीट रिकामी होती, पण या घरात पुढे कुणी बसत नाही. पुढची सीट बिशपची. बिशप म्हणजे त्यांचा कुत्रा, मेंढरं वळणाऱ्या जातीचा, मेंढरांना घाबरणारा. मागे बसवला की त्याला गाडी लागायची, पुढे बसवला की तो मान ताठ करून रस्त्याकडे बघायचा, एखाद्या खात्याच्या मंत्र्यासारखा. गाडी आई चालवायची. म्हणून बाबा मागे. ऑरूरूच्या रस्त्यावर लोक त्यांना बघून हात करायचे, आणि एका नवख्या शेतकऱ्याने तर एव्हिसला टॅक्सी समजून थांबवलं होतं. क्लेमने दार उघडून त्याला आपल्या शेजारी घेतलं, गावापर्यंत पोचवलं आणि वाटेत पोपटाच्या पिंजऱ्याचा निळा ठिपका समजावून सांगितला. तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही. बिशप म्हातारा होऊन गेला, क्लेमच्या बऱ्याच आधी. तरी क्लेम मागेच बसायचा. पुढे ये ना आता, आई म्हणायची. तो म्हणायचा, इथून तुमच्या दोघांची डोकी छान दिसतात. बिशपची गळ्यातली साखळी अजून आरशाला लटकत होती, जाड पोलादी कड्यांची, वळणावर काचेला टकटक करणारी.

टॅमसिनला आता समोर फक्त आईचं डोकं दिसत होतं. करड्या केसांत एक पिन वाकडी खोचलेली. छान दिसतात… हे त्याने इथून पाहिलं होतं, ही पिन, हा मानेवरचा तीळ, वर्षानुवर्षं. आणि मी समजत होते की तो आकाशाकडे बघतोय.

कुरणातली मेंढरं पलीकडे हाकललेली होती, पण आपल्या खुणा ती सगळीकडे सोडून गेली होती. क्लबचे मोजके लोक कानटोप्या घालून उभे होते. कुणीतरी सॉसेज भाजत होतं, कांद्याचा धूर जमिनीवरून रांगत होता. टोस्टर गाडीतून बाहेर आला तसा एकेक जण जवळ येऊन त्याला बोट लावून गेला. पुठ्ठ्याचा, चंदेरी कागद चढवलेला, खाली चार पारदर्शक पंख, इतके पारदर्शक की लक्षात येऊ नयेत. बाजूला खटका होता, क्लेमने खास बसवलेला, ज्याचा काहीही उपयोग नव्हता.

डेस्मा ही क्लबची सुरक्षा अधिकारी. पूर्वी शाळेत खेळ शिकवायची, तिथून निवृत्त होताना शिट्टी परत करायची राहिली. क्लेमशी तिचं वर्षानुवर्षं भांडण. तिने त्याचा बुटका एकदा अडवला होता, बुटक्याच्या चेहऱ्यावर उड्डाणाची इच्छा दिसत नाही म्हणून.

“कुठे बसवलायस त्याला?” डेस्माने विचारलं.

“तळाला. ट्रेमध्ये.”

“त्याने सांगितलं?”

“हो.”

“मूर्ख माणूस,” डेस्मा म्हणाली, आणि चष्मा काढून पुसू लागली, आणि बराच वेळ पुसत राहिली.

मग तिने खिशातून दोरा काढला. प्रोग्राम नव्हता तेव्हापासूनची ही परीक्षा — वस्तू जिथे तोलली जाते तिथे दोरा बांधायचा आणि डोक्याभोवती गरगर फिरवायची. तोंड पुढे करून फिरली तर उडेल, पाठ पुढे करून फिरली तर नाही. डेस्मा मेंढ्यांच्या लेंड्यांमध्ये पाय रोवून उभी राहिली आणि टोस्टर फिरवू लागली. टोस्टर आधी गोंधळला, मग हळूहळू वळला, आणि पाठमोरा फिरू लागला, शांतपणे, मागच्या सीटवर बसून मागच्या काचेतून बघत असल्यासारखा. तिने थांबवून पुन्हा फिरवला. पुन्हा पाठमोरा.

“सोडू देणार नाही,” डेस्मा म्हणाली. “तो स्वतः असता तरी दिला नसता. तो स्वतः आहे, तरी देत नाही.”

टॅमसिनच्या छातीतून काहीतरी सैल होऊन खाली गेलं. ते दुःख नव्हतं. तिला ते ओळखता आलं आणि तिला त्याची लाज वाटली — ती सुटका होती. झालं. नियमात बसत नाही. सगळे घरी जातील, मी लॅपटॉप उघडीन, एक पंख मोठा करीन, एक भाग सरकवीन, पुढच्या महिन्यात पुन्हा बघू; आणि तोवर रोज सकाळी तो वर जाईल आणि मी कळ दाबून त्याला परत आणीन… मला हे संपवायचंच नव्हतं. चौकोन मला दिसला नाही असं नाही. मी तिथे बघत नव्हते.

डेस्मा म्हणाली, माझ्या डब्यात शिशाचे छर्रे आहेत, पुढच्या टोकात भरा, तोल येईल. एव्हिस म्हणाली, छर्रे नकोत, छर्र्यांना तो ओळखत नाही. मग ती वळली आणि कोट सावरत गाडीकडे चालू लागली, आणि टॅमसिनला एकदम कळलं ती काय आणायला चालली आहे, आणि तिने मनातल्या मनात आईला हाक मारली, नको, आई, तोल येईल त्याने.

एव्हिस साखळी मुठीत घेऊन आली. कड्यांत अजून दोन-चार तांबूस केस अडकलेले होते.

“बिशप पुढे,” ती डेस्माला म्हणाली. “क्लेम मागे. असंच जायचो आम्ही सगळीकडे.”

डेस्माने साखळी हातात तोलली. “उंची कमी होईल, एव्हिस.”

“त्याला पुढे कुणीतरी असलं म्हणजे झालं.”

साखळी पावाच्या दोन कापांच्या मध्ये गेली, वरती, कापसात गुंडाळून, पक्की बांधून. डेस्माने दोरा पुढे सरकवला आणि पुन्हा फिरवलं. टोस्टर डगमगला. एक फेरी आडवा गेला, तोंड इकडे का तिकडे ठरत नसल्यासारखा, दुसऱ्या फेरीत अर्धा वळला, आणि मग, थोडं डोकं हलवत, तोंड पुढे करून फिरू लागला. कुणी टाळी वाजवली नाही. सॉसेजवाल्याच्या हातातला चिमटा तेवढा वर राहिला.

“चालेल असं मी म्हणत नाही,” डेस्मा म्हणाली. “थांब असंही म्हणत नाही.”

प्रोग्रामला विचारायची आता सोय नव्हती. लॅपटॉप घरी, टेबलावर, आणि त्यात कुत्रा या नावाचा भाग नाही. टॅमसिनने टोस्टर तारेच्या तिवईवर उभा केला, ठिणगीच्या तारा जोडल्या आणि मागे मागे आली, नियमात लिहिलंय तेवढी. आईने तिच्या बाहीचं टोक धरलं होतं, बाबाच्या स्वेटरचं टोक. वारा नैर्ऋत्येचा, मंद. हा वारा तिने पुष्कळदा उडवून पाहिला होता. पण त्यातलं एकही उड्डाण आता कामाचं नव्हतं, त्या सगळ्यांत तो बिनवजनाचा होता; आणि इथे, पहिल्यांदाच, तिला त्याचं वजन जाणवत होतं. मांडीवर आणलेल्या टोस्टरचा दाब अजून मांडीवर होता. हे जाईल, आणि हे पुसता येणार नाही, आणि रेघ आकाशात कुठे उरतही नाही… वर काकाकुव्यांचा थवा गेला आणि आकाश मोकळं झालं. डेस्माने भोंगा तोंडाला लावला, आवाज दोनदा साफ केला, आणि पाच म्हणाली. आईची मूठ घट्ट झाली. टॅमसिनचा अंगठा बटणावर होता, आणि तिच्या मनात, कोण जाणे कुठून, एक अर्ज सुवाच्य अक्षरांत तयार होऊ लागला —

माननीय उड्डाण सुरक्षा अधिकारी यांस सविनय विनंती की, चालू मोजणी नियमाप्रमाणे चार, तीन व दोन अशी पुढे न्यावी व एक या अंकाशी आणावी. तथापि त्यापुढील कार्यवाही पुढील आदेश होईपर्यंत स्थगित ठेवावी. प्रवासी दोन असून दोघेही आपापल्या नेहमीच्या जागी बसलेले आहेत व कोणाचीही तक्रार नाही. वारा अनुकूल आहे, तो तसाच ठेवावा. अर्जदार व अर्जदाराची आई या दरम्यान जागेवरून हलणार नाहीत, याची हमी देण्यात येत आहे.